ठेव, दृष्टांत आणि न सापडल्याची नोंद

१

साहित्यविचाराला वाहिलेल्या नियतकालिकात एका मैदानी छंदाविषयी लिहावे की नाही, याबद्दल मी बराच काळ साशंक होतो. छंद माझा नाही. तो माझ्या नऊ वर्षांच्या नातीचा आहे, आणि तिच्याबरोबर जंगलात जायला घरात दुसरे कोणी मोकळे नव्हते म्हणून मी त्यात ओढला गेलो. परंतु दृष्टांत या प्रकाराविषयी जे मी तीसेक वर्षे वर्गात शिकवीत आलो, त्यातले पुष्कळसे मला त्या जंगलात पुन्हा तपासून पाहावे लागले. एरवी अशी तपासणी टेबलाशी बसून होते. या वेळी ती चिखलात गुडघे टेकून झाली, एवढाच काय तो फरक.

प्रश्न केवळ वाङ्मयीन नव्हता, हेही आरंभीच सांगितले पाहिजे. मी जन्माने ख्रिस्ती, नगर जिल्ह्यातला. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला आपले ठाणे केले. आमचे घराणे तेथील मंडळीत आले ते त्यानंतर दोन पिढ्यांनी. 'ज्ञानोदया'चे जुने अंक, ना. वा. टिळकांची भजने, आजीच्या तोंडी असलेली स्तोत्रे यांच्या सहवासात माझे मराठी घडले. पुढे विद्यापीठात गेल्यावर पॉल रिकरने ज्याला संशयाचे अर्थनिर्णयन म्हटले आहे त्याची दीक्षा मिळाली. मार्क्स, नीत्शे आणि फ्रॉइड हे रिकरच्या मते त्या संशयाचे तीन आचार्य. त्यांच्यामुळे संहिता जे म्हणते त्यापेक्षा ती काय दडवते, याकडे लक्ष देण्याची सवय जडली. ही सवय रविवारच्या उपासनेतही माझ्या शेजारी येऊन बसे. तरीही मी उपासनेला जात राहिलो, आणि त्याचे कारण माझी पत्नी होती. तिची श्रद्धा मला भाबडी वाटे. मी तसे कधी बोलून दाखवले नाही, पण तिला ते कळत असावे.

एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, ती गेली. दफनाला पाळकांसह आम्ही पाच माणसे होतो. त्यानंतर मी मंडळीत गेलो नाही. यात बंड नव्हते, कोणावर राग नव्हता. विश्वासाची कबुली म्हणण्याची वेळ आली की शब्द ओठांशी येत आणि तेथेच थांबत. श्रद्धा गमावली असे म्हणायला लागतो तेवढा निश्चयही माझ्यापाशी नव्हता. अशा अवस्थेत २०२२ च्या शरदात मी मुलीकडे, अमेरिकेतील ओरेगन राज्यात पोर्टलंडला गेलो. ज्या देशातून आमच्याकडे मिशनरी आले, त्या देशात रविवारची सकाळ मी नातीबरोबर डबे शोधण्यात घालवू लागलो.

२

या छंदाला जिओकॅशिंग म्हणतात. त्याचा जन्म कुठे आणि केव्हा झाला, हे फार नेमकेपणाने सांगता येते. उपग्रहांवरून पृथ्वीवरचे स्थान निश्चित करणारी जीपीएस ही व्यवस्था अमेरिकेच्या लष्कराची. नागरी वापरासाठी मिळणाऱ्या संदेशांत पूर्वी हेतुपुरस्सर चूक मिसळलेली असे, त्यामुळे सामान्य माणसाचे यंत्र सुमारे १०० मीटरपर्यंत फसू शके. १ मे २००० रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी ही चूक काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला, आणि त्याच मध्यरात्रीच्या सुमारास जगभरची यंत्रे एकाएकी अधिक खरे बोलू लागली. ३ मे रोजी डेव्ह अल्मर या संगणकतज्ज्ञाने पोर्टलंडच्या आग्नेयेस, बीव्हरक्रीक नावाच्या वस्तीजवळ, एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली. तीत नोंदवही, पेन्सिल, काही पुस्तके, एक गलोल, शेंगदाण्यांचा नव्हे पण घेवड्याच्या दाण्यांचा एक बंद डबा अशा वस्तू होत्या. तिचे अक्षांश-रेखांश त्याने जीपीएसच्या हौशी मंडळींना कळवले. नियम एवढाच, की काही घ्या आणि काही ठेवा. दोन-तीन दिवसांतच माइक टीग या माणसाने ती शोधून काढली. त्याच महिन्याच्या अखेरीस मॅट स्टम यांनी या खेळाला आजचे नाव सुचवले. 'कॅश' हा शब्द लपवणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला आहे. शिकारी आणि प्रवासी परतीच्या वाटेसाठी शिधा लपवून ठेवीत, त्या ठेवीला तो वापरला जाई.

म्हणजे खेळाला जन्म दिला तो एका जाणूनबुजून केलेल्या असत्याच्या अंताने. तरीही तो अगदी नवा नाही. इंग्लंडमधील डार्टमूरच्या माळरानावर १८५४ साली जेम्स पेरट या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या दुर्गम ठिकाणी एक बाटली ठेवली, तीत तिथवर पोचलेल्यांनी आपले कार्ड टाकावे म्हणून. बाटलीत मौल्यवान असे काही नव्हते. तिथवर येऊन गेलेल्यांची खूण, हीच तिच्यातली ठेव.

आपल्याकडे गुप्तधन हा शब्द उच्चारला की त्यामागे लोभ आणि भय दोन्ही उभे राहतात. धनावर बसलेला नाग, मांत्रिक, अमावास्येची रात्र, आणि कधीकधी याहून भयंकर काही. माझ्या लहानपणी गावाबाहेरच्या पडक्या गढीत कोणीतरी खणलेले खड्डे आम्ही लांबून पाहत असू. त्यामुळे नातीने "आजोबा, ट्रेझर शोधायला चला" म्हटले तेव्हा माझ्या मनात प्रथम ते खड्डे आले. प्रत्यक्षात या खेळात जमीन खणायला मनाई आहे. डबा पुरायचा नाही, त्यात खाण्याचे पदार्थ ठेवायचे नाहीत, एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच किंवा अधिक मोलाची ठेवायची, नोंदवहीत तारीख आणि आपले टोपणनाव लिहायचे, आणि डबा होता तसा, होता तिथे, पुन्हा लपवायचा. पहिल्या बादलीने यांतले दोन नियम मोडले होते, हे नात मला मोठ्या आनंदाने सांगे.

आमचा पहिला डबा शहराच्या पश्चिमेकडील मोठ्या अरण्यात सापडला. डग्लस फरची उंच झाडे, खाली कमरेएवढे नेचे, सगळीकडे शेवाळ आणि तिकडचा तो बारीक, न थांबणारा पाऊस. फोनवरचा बाण आम्हांला एका आडव्या पडलेल्या खोडापाशी घेऊन गेला आणि तेथे तो भ्रमिष्टासारखा फिरू लागला. नातीने फोन खिशात टाकला. "आता याचा उपयोग नाही, आता डोळ्यांनी," ती म्हणाली. दाट झाडीत उपग्रहांचे संदेश अडतात, परावर्तित होतात. यंत्र पाच-दहा मीटरांच्या वर्तुळापर्यंत आणते आणि तिथे त्याचे काम संपते. अर्ध्या तासाने खोडाच्या पोकळीत, सालीच्या एका तुकड्यामागे, हिरवा लोखंडी डबा दिसला. मी त्या पोकळीत दोनदा डोकावलो होतो. दोन्ही वेळा मी साल पाहिली होती आणि ती साल आहे असे मानले होते. नातीला ती तिथे कोणीतरी ठेवलेली दिसली.

डब्यात प्लॅस्टिकची खेळणी, एक नाणे, काचेची गोटी आणि ओलसर नोंदवही. नातीने गोटी घेतली आणि केसांची पिन ठेवली. माझ्या चष्म्यावर पाणी साचले होते. वहीत आमच्या आधी आलेल्यांच्या तारखा होत्या. त्यांतल्या एकालाही आम्ही ओळखत नव्हतो, आणि तरी त्या यादीखाली आपली तारीख लिहिताना मला बऱ्याच दिवसांनी कशात तरी सामील झाल्यासारखे वाटले. ते अमुक एका मंडळीच्या रजिस्टरासारखे होते असे मी तेव्हा म्हटले नाही. घरी आल्यावर म्हटले.

३

मत्तयाच्या तेराव्या अध्यायात शेतात लपवलेल्या ठेवीचा दृष्टांत आहे. तो इतका आखूड आहे की वर्गात तो सांगून संपे आणि मुले पुढच्या वाक्याची वाट पाहत राहत. एका माणसाला शेतात ठेव सापडते; तो ती पुन्हा लपवतो, आनंदाच्या भरात आपले सर्वस्व विकतो आणि ते शेत विकत घेतो. बस.

दृष्टांताचा विचार मराठीत फार जुना आहे. चक्रधरस्वामींच्या दृष्टांतांचे जे संकलन केशिराजबासांनी केले, त्या 'दृष्टांतपाठा'त प्रत्येक दृष्टांताची तीन अंगे आहेत: सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक. आधी सिद्धांतवाक्य, मग गोष्ट, मग त्या गोष्टीची सिद्धांताशी जुळणी. आंधळ्यांनी चाचपलेल्या हत्तीची गोष्ट त्यात येते, तेव्हा तिचे दार्ष्टांतिकही येते, आणि ऐकणाऱ्याला घरी जाताना शंका उरत नाही. मत्तयाच्या या अध्यायात पेरणाऱ्याच्या आणि निदणाच्या दृष्टांतांना असे दार्ष्टांतिक आहे. ठेवीच्या दृष्टांताला ते नाही. सूत्र अर्धवट, गोष्ट पूर्ण, जुळणी गायब, अशी त्याची बांधणी आहे.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न भाष्यकारांनी नाना परींनी केला आहे, आणि त्यांची सर्वांत मोठी अडचण 'पुन्हा लपवतो' या क्रियेची. शेत दुसऱ्याचे असताना ठेव सापडल्याचे मालकाला न सांगता शेत विकत घेणे, हा व्यवहार सरळ दिसत नाही. मीही वर्गात या अडचणीवर बोट ठेवी आणि विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांवरचा अस्वस्थपणा पाहून समाधान पावे. संशयाच्या अर्थनिर्णयनाला असे सांधे फार प्रिय असतात.

खोडापाशी नातीने डबा जसाच्या तसा पोकळीत ठेवला, साल पुढे सारली, दोन पावले मागे जाऊन पाहिले, पुन्हा येऊन साल जरा वळवली. सापडलेली वस्तू पुन्हा लपवण्यात लबाडीखेरीज दुसराही हेतू असू शकतो, हे मला त्या दिवशी प्रथम दिसले. आपल्याला सापडले ते शोधण्याजोगे राहावे, ही काळजी त्यात असते. श्रद्धेच्या व्यवहारात हे आपण पाहतोच. ज्याला काही गवसले तो ते उघड्यावर मांडू शकत नाही. दुसऱ्याच्या हातात तो फार तर अक्षांश-रेखांश देऊ शकतो. उरलेली पावले ज्याची त्यानेच टाकायची असतात. मतांगीकार, प्रश्नोत्तरी, प्रवचन यांचे काम त्या बाणासारखे आहे. त्यांनी वर्तुळापर्यंत आणले नसते तर मी त्या अरण्यात जन्मभर फिरलो असतो. पण वर्तुळात उभे राहून बाणाकडेच पाहत राहिलो असतो तर खोडाकडे पाहायचे राहून गेले असते. मागे वळून पाहता, मी पुष्कळ वर्षे नेमके तेच केले. माझा बाण टीकाशास्त्राचा होता.

जुळणी इथपर्यंत ठीक चालते. पुढे ती तुटते, आणि कुठे तुटते ते सांगणे माझ्या व्यवसायाचे कर्तव्य आहे. या खेळात कोणी काही विकत नाही. डबा शोधणारा गोटी घेतो, पिन ठेवतो आणि दुपारी जेवायला घरी येतो. दृष्टांतातला माणूस घरी येतो तो घर विकायला. खेळ जोखमीवाचून शोधाचा आनंद देतो, म्हणून तर तो खेळ. दृष्टांतात आनंद आणि सर्वस्वाची विक्री एकाच श्वासात येतात, आणि विक्रीचे दुःख कुठेच येत नाही. हे मला अजूनही उलगडलेले नाही.

४

या छंदात नसलेल्यांना तिकडे 'मगल' म्हणतात. जे. के. रोलिंगच्या हॅरी पॉटर कादंबऱ्यांत जादू न येणाऱ्या सामान्य माणसांना हा शब्द आहे, तेथून तो उचललेला. मगल जवळपास असतील तर डबा काढायचा नाही. बुटाची नाडी बांधण्याचे, पक्षी पाहण्याचे नाटक करायचे. शहरातल्या एका बाकापाशी आम्ही दोघे अशी नाडी बांधत बराच वेळ बसलो होतो. शेकडो माणसे त्या बाकावर बसून उठून गेली असतील, आणि त्याच्या तळाशी चुंबकाने चिकटवलेली बोटाच्या पेराएवढी डबी त्यांच्यासाठी नव्हतीच.

फ्रँक करमोडचे 'द जेनेसिस ऑफ सीक्रसी' हे १९७९ सालचे पुस्तक मी अनेकदा शिकवले आहे. त्याच्या केंद्रस्थानी मार्कच्या चौथ्या अध्यायातली एक कठोर जागा आहे. तेथे येशू शिष्यांना सांगतो की राज्याचे रहस्य तुम्हांला दिलेले आहे. बाहेरच्यांना सारे दृष्टांतांतून मिळते, ते अशासाठी, की त्यांनी पाहूनही त्यांना दिसू नये. मार्कमध्ये येथे हेतुवाचक ग्रीक अव्यय आहे. मत्तयाने त्या जागी कारणवाचक अव्यय घातले: त्यांना दिसत नाही म्हणून मी दृष्टांतांनी बोलतो. एका अव्ययाच्या बदलाने दार बंद करणारी गोष्ट दार उघडणारी होते. करमोडचा कल मार्ककडे आहे. त्याच्या मते कथनाचा स्वभावच मुळी काहींना आत घेण्याचा आणि काहींना बाहेर ठेवण्याचा असतो, आणि आपण आत आहोत असे मानणारेही अखेर बाहेरच उभे असतात.

बाकापाशी बसलेलो असताना मला करमोड आठवला, पण त्याच्या निष्कर्षाविषयी पहिल्यांदाच शंका आली. मगल आणि खेळाडू यांच्यातले अंतर जन्माचे नसते. महिन्यापूर्वी मी मगल होतो. त्या खोडाजवळून मी एकटा गेलो असतो तर मला खोडच दिसले असते. मला आत घेतले ते एका मुलीने, तेही सोबतीला कोणी हवे म्हणून. आत-बाहेरची रेषा संहितेत असेल, पण ती ओलांडली जाते ती बहुधा कोणाच्या तरी बोटाला धरून. माझ्या बाबतीत चाळीस वर्षे ते बोट पत्नीचे होते, आणि ते सुटल्यावर मी बाकावर बसलेल्यांपैकी एक झालो.

५

या छंदात एक नोंद अशी आहे जिच्याविषयी मला विशेष लिहायचे आहे. शोध घेतला आणि डबा मिळाला नाही, तर 'सापडला नाही' अशी नोंद करण्याची रीत आहे. ती लाजिरवाणी समजली जात नाही. एका ओढ्यावरच्या लाकडी पुलापाशी आम्ही तीन रविवार गेलो. कठड्याची खालची बाजू, खांबांच्या फटी, पायऱ्यांमागचा चिखल, सगळे चाचपले. तिन्ही वेळा नातीने घरी येऊन नोंद केली: आलो, शोधले, सापडला नाही. दुसऱ्या वेळी मी तिला म्हणालो, "अगं, कशाला लिहायचे? पुढच्या वेळी मिळेल तेव्हा लिहू." तिने माझ्याकडे आश्चर्याने पाहिले. "पण आजोबा, आपण गेलो होतो ना?"

या उत्तराने मी अस्वस्थ झालो. मंडळीत न जाण्याची माझी दोन वर्षे ही नोंद टाळण्याची वर्षे होती. मला सापडत नव्हते आणि मी ते कुठे लिहीत नव्हतो. प्रार्थनेत तसे म्हणता येते, हे मला ठाऊक नव्हते असे नाही; स्तोत्रसंहितेतली विलापस्तोत्रे मी शिकवली होती, त्यांची रचनासूत्रे फळ्यावर मांडली होती. देवाने तोंड लपवल्याची तक्रार त्यांत उघडपणे केलेली आहे आणि उपासनेच्या ग्रंथातच ती जपून ठेवली आहे. म्हणजे ज्या समाजाने ही स्तोत्रे गायिली, त्याने 'सापडला नाही' ही नोंद श्रद्धेच्या वहीतलीच मानली. मी तिला वहीबाहेरची समजत होतो.

मग मार्कच्या शेवटाकडे वळावे लागले. चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन थोर हस्तलिखितांत हे शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी थांबते. मरिया मग्दालिया, याकोबाची आई मरिया आणि सलोमे या तिघी पहाटे कबरेशी येतात. जागा बरोबर आहे; त्याला ठेवताना त्यांच्यातल्या दोघींनी ती पाहून ठेवलेली होती. धोंड बाजूला आहे. ज्याला शोधायला त्या आल्या तो तेथे नाही. आत बसलेला तरुण त्यांना रिकामी जागा दाखवतो आणि तो पुढे गालीलात गेल्याचे सांगतो. त्या पळत सुटतात आणि भीतीपोटी कोणाला काही सांगत नाहीत. येथे ग्रंथ संपतो. करमोडलाही या शेवटाने पछाडले होते, आणि गूढ राखणाऱ्या कथनाचा तो परमोच्च नमुना म्हणून त्याने त्याकडे पाहिले.

मला आता तो शेवट दुसऱ्या अंगाने दिसतो. पुनरुत्थानाची सर्वांत जुनी कथनात्मक नोंद ही 'सापडला नाही' अशी नोंद आहे. ती नेमक्या जागी जाऊन केलेली आहे, म्हणूनच तिला वजन आहे. घरी बसून सापडत नाही म्हणणाऱ्याचे म्हणणे साक्ष ठरत नाही. अर्थात रिकाम्या जागेचा दुसरा अर्थही लगेच लावला गेला. शिष्यांनीच देह चोरून नेला, अशी वदंता पसरल्याचे मत्तय स्वतः लिहितो. विरोधी नोंदही त्याने वहीतून फाडली नाही, हे मला संपादक म्हणून मोलाचे वाटते. रिकामी जागा स्वतः काही सिद्ध करीत नाही. ती पाहणाऱ्याला फक्त पुढचा पत्ता मिळतो, आणि तिकडे जायचे की पळायचे, एवढेच त्याच्या हाती राहते.

६

येथे मला जुळणीतली सर्वांत मोठी भेग दाखवली पाहिजे. जिओकॅशिंगमध्ये डबा कोणीतरी ठेवला आहे, याविषयी शंका नसते. ठेवणाऱ्याचे टोपणनाव असते, तारीख असते, अवघडपणाची एक ते पाचांपर्यंतची श्रेणी दिलेली असते. श्रद्धेत हेच प्रश्नचिन्हाखाली आहे. कोणी ठेवले आहे का, हे ठाऊक नसताना शोधणे आणि ते ठाऊक असताना शोधणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत; पहिलीला खेळ म्हणता येत नाही. माझ्यापुरते, या भेगेवर कोणताही पूल टाकता आलेला नाही. माझ्यापाशी आहेत त्या फक्त आधी आलेल्यांच्या नोंदी. शुभवर्तमाने या अर्थाने नोंदवहीसारखी आहेत, आणि नोंदवही खरी मानायची की नाही, हा निर्णय वाचकाचा.

दुसरी भेग शोधणाऱ्याच्या स्थानाची. या खेळात शोधणारे आपण असतो आणि डबा निश्चल असतो. लूकच्या पंधराव्या अध्यायात हे उलटे आहे. मेंढपाळ हरवलेल्या मेंढरामागे जातो. बाई दिवा लावून, घर झाडून नाणे हुडकते. हरवलेल्या नाण्याला आपण हरवलो आहोत हे कळतही नाही. तिसऱ्या गोष्टीतला बाप मात्र शोधायला जात नाही. तो वाटेकडे डोळे लावून असतो आणि मुलगा लांब असतानाच त्याला पाहतो. येथे खेळ आणि दृष्टांत काही क्षण पुन्हा जवळ येतात, कारण डबा ठेवणाराही कुठेतरी बसून कोण आले, कोण गेले हे वाचत असतो.

हे मी सैद्धांतिकदृष्ट्या म्हणत नाही. माझ्या परतीच्या आठवडाभर आधी नात धावत आली. पुलाच्या डब्याखाली मालकाने लिहिले होते: तुमच्या तीन नोंदी वाचल्या, जाऊन पाहिले, डबा खरोखरच नाहीसा झाला आहे, नवा ठेवला आहे, पुन्हा या. बहुधा पुराने वाहून नेला असेल किंवा कोणा मगलाने उचलला असेल. आम्ही तीन रविवार जे शोधत होतो ते तेथे नव्हतेच. आमची नोंद खरी होती, आणि तिच्यामुळे तो माणूस तेथे गेला होता. आम्ही लाजून काही लिहिले नसते तर पूल तसाच रिकामा राहिला असता. आम्ही चौथ्यांदा गेलो. डबी कठड्याच्या खाली, जिथे आम्ही पन्नासदा बोटे फिरवली होती तिथेच होती. नातीने वही माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "आजोबा, आज तुम्ही लिहा."

यातून ईश्वराविषयी मी काहीही सिद्ध करू इच्छीत नाही. पुलाखाली डबी ठेवणारा एक भला माणूस होता, इतकेच त्यातून सिद्ध होते. पण विलापाचा उपयोग काय, असे मला वर्गात एकदा एका विद्यार्थिनीने विचारले होते, आणि मी तिला रचनासूत्रे सांगितली होती. आज ती भेटली तर मी तिला या पुलाची गोष्ट सांगेन.

७

नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, परत आल्यावर मी पत्नीचे पवित्र शास्त्र उघडले. बायबल सोसायटीची जुनी प्रत, पुठ्ठ्याला खाकी कागद, कडा तेलकट झालेल्या. तिच्या मृत्यूनंतर ती प्रत मी कपाटात ठेवली होती आणि तिला हात लावला नव्हता. तिच्या समासांत पेन्सिलीने बारीक अक्षरांत तारखा होत्या, हे मला ठाऊक होते. वाचून झाल्याची खूण म्हणून ती त्या घालते असे मी समजत होतो. बहुतेक ठिकाणी नुसतीच तारीख आहे. काही ठिकाणी तारखेपुढे गावाचे नाव आहे, काही ठिकाणी मुलीचे.

ईयोबाच्या पुस्तकात, जेथे वावटळीतून उत्तर येते त्या अध्यायाच्या वर, तीन तारखा आहेत. पहिली जुलै १९८९ ची. आमचा मुलगा अकरा दिवसांचा होऊन गेला, तो महिना. दुसरी १९९७ ची. तिचे कारण मला आठवत नाही. तिसरी फेब्रुवारी २०२१ ची, म्हणजे ती जाण्यापूर्वी दोन महिन्यांची. तिन्ही तारखांपुढे तिने तेच दोन शब्द लिहिले आहेत: कळले नाही.

मी तिची श्रद्धा भाबडी समजत होतो. रिकरने चिकित्सेच्या पलीकडे येणाऱ्या दुसऱ्या भोळेपणाविषयी लिहिले आहे. ते मला पुस्तकातून कळले होते आणि ते असणारे माणूस बत्तीस वर्षे त्याच एका पानाशी पुनःपुन्हा जाऊन, न कळल्याची नोंद करून, माझ्या शेजारी उपासनेला उभे राहत होते. मी तिला कधी विचारले नाही. ठेवीच्या दृष्टांताशी तिने काय लिहिले आहे, तेही मी उत्सुकतेने उघडून पाहिले. तेथे काहीच नाही, तारीखसुद्धा नाही.

आता मी काही रविवारी मंडळीत जातो. कबुलीचे शब्द काही वेळा म्हणता येतात, काही वेळा येत नाहीत, आणि येत नाहीत तेव्हा मी गप्प उभा राहतो. ईयोबाचा तो अध्याय मी मागच्या पावसाळ्यात शांतपणे वाचून काढला. वाचून झाल्यावर पेन्सिल घेतली, तिच्या तिसऱ्या तारखेखाली त्या दिवसाची तारीख घातली, आणि तिच्यापुढे तिचेच दोन शब्द लिहिले.